शब्दाच्या मुळाशी : आउटरेज

माझी भाची यंदा बारावीला आहे. परवा इंग्रजीचा उतारा वाचताना ती 'आउटरेज' या शब्दापाशी अडली. तिने शब्द फोडून पाहिला. 'आउट' म्हणजे बाहेर, 'रेज' म्हणजे राग. "मामा, म्हणजे बाहेर पडलेला राग ना?" शब्दकोश उघडला तर आधी अर्थ दिला होता धक्कादायक दुष्कृत्य, अत्याचार, आणि त्यानंतर, अशा कृत्याने लोकांना येणारा संताप. करणाऱ्याचे कृत्य आणि पाहणाऱ्याचा राग, दोहोंना एकच शब्द कसा?

भाची चुकली खरी, पण खुद्द इंग्रज माणसेही हा शब्द असाच फोडत आली आहेत. मुळात त्यात 'आउट' नाही आणि 'रेज'ही नाही. लॅटिनमध्ये 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे. त्यावरून जुन्या फ्रेंच भाषेत हा शब्द तयार झाला. शेवटचा 'एज' हा नुसता प्रत्यय, 'मॅरेज'मध्ये आहे तोच. सुमारे सातशे वर्षांपूर्वी तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता मर्यादेपलीकडे जाणे. खाण्यापिण्यातला अतिरेकसुद्धा त्यात येई. मग अपमान, इजा, हिंसा असे अर्थ आले. कानाला 'रेज' ऐकू येत राहिल्याने संतापाचा अर्थ पुढे घट्ट झाला.

हा 'अल्ट्रा' आपल्याला परका नाही. दवाखान्यातले 'अल्ट्रासाउंड' म्हणजे माणसाच्या कानाच्या टप्प्यापलीकडचा ध्वनी. 'अल्ट्राव्हायोलेट'ला शाळेच्या पुस्तकात 'अतिनील' म्हणतात. म्हणजे 'अल्ट्रा' तेच आपले 'अति'. आता 'अत्याचार' फोडून पाहा : अति अधिक आचार. आचाराची हद्द ओलांडून केलेले वर्तन. दोन दूरच्या भाषांनी एकाच विचाराने शब्द घडवला!

शब्दाची ही फोड कायद्यातही उपयोगी पडते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ मध्ये स्त्रीच्या 'मॉडेस्टी'ला 'आउटरेज' करणे हा गुन्हा होता. त्याला मराठीत आपण 'विनयभंग' म्हणतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी हद्द ओलांडणारा उभा आहे. 'विनयभंग' म्हणताना मात्र वाटते, मोडले ते बाईचे काहीतरी. मोडणारा दिसतच नाही. मग गावात चर्चाही तिच्याच वागण्याची, कपड्यांची, वेळी-अवेळी बाहेर जाण्याची होते.

पंजाबातील एका खटल्यात हाच प्रश्न उभा राहिला. पीडित मुलगी होती अवघी साडेसात महिन्यांची. एवढ्या लहान जिवाला विनयाची जाणीव कुठली, म्हणून उच्च न्यायालयाने बहुमताने हे कलम लागू होत नाही असे ठरवले. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निर्णय फिरवला. न्यायमूर्ती बच्चावत यांनी लिहिले त्याचा आशय असा, की खरा मुद्दा आरोपीच्या दुष्ट हेतूचा आहे. स्त्रीची प्रतिक्रिया महत्त्वाची असली तरी ती नसल्याने गुन्हा पुसला जातोच असे नाही. मर्यादा कोणी ओलांडली, हे पाहा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आता हे कलम ७४ आहे, इंग्रजी शब्द मात्र तेच आहेत. १९८९ च्या आपल्या परिचयाच्या कायद्याच्या नावात तर 'अत्याचार प्रतिबंध' असेच शब्द आहेत. तिथेही प्रश्न तोच : हद्द कोणाची सुटली?

भाचीने वहीत अर्थ लिहून घेतला आणि पुढे आपल्या मनाने एक ओळ जोडली : "लाज ओलांडणाऱ्याला वाटावी." शब्दकोशात ही ओळ नाही. पण मुलींच्या वहीत ती असू द्यावी, आणि मुलांच्याही.