चंद्राचा तिसावा भाग: स्वप्निल कुसाळेचं कांस्य आणि नेमबाजीतलं 'मिनिट'

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक.

तो किती अचूक होता? हे समजायला आधी 'मिनिट' समजून घेऊ. हे मिनिट घड्याळातलं नाही, कोनातलं आहे.

'एमओए' म्हणजे काय?

एका अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मिनिट कोन. नेमबाज त्याला 'एमओए' म्हणतात. साखऱ्याच्या शिवारातून पौर्णिमेचा चंद्र पाहा. तो साधारण ३० मिनिटांचा दिसतो. म्हणजे एक एमओए हा चंद्राच्या रुंदीचा तिसावा भाग.

मिलिमीटर का नाही?

नेम जरासा तिरका झाला, तर अंतर वाढेल तशी चूकही वाढते. एक एमओए म्हणजे ५० मीटरवर साधारण १४.५ मिलिमीटर, १०० मीटरवर २९ आणि २०० मीटरवर ५८. कोन मात्र तोच राहतो. म्हणून अचूकता कोनात मोजतात.

कुसाळेसमोरचं लक्ष्य केवढं होतं?

५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर रुंद असतं. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि ती रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून गोळीचा मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात, म्हणजे जेमतेम १.१ एमओएत पडायला हवा. अंतिम फेरीतल्या ४४ गोळ्यांत कुसाळेची सरासरी १०.२६ येते. म्हणजे गोळी मध्यापासून सरासरी ६ मिलिमीटरच्या आत. तेही गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून, आणि दुर्बिणीशिवाय! या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्रातून नेम धरावा लागतो.

मग 'मिल' काय?

हे कोनाचंच दुसरं माप. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, साधारण ३.४४ एमओए. गोंधळ इथेच होतो. समजा, दुर्बिणीतल्या खुणा मिलमध्ये आहेत आणि फिरवायची कळ पाव एमओएची. नेम २ मिल, म्हणजे २० सेंटिमीटर सरकवायचा आहे. तुम्ही २ एमओए समजून ८ क्लिक दिले, तर तो सहा सेंटिमीटरही सरकणार नाही. लागतील २७-२८ क्लिक.

रील पाहताना काय विचाराल?

'ही रायफल अर्ध्या एमओएची' असं कुणी म्हटलं, तर विचारा: किती गोळ्या झाडून? तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. तोच निकाल दहा-वीस गोळ्यांत आणि पुन्हा पुन्हा आला, तरच तो आकडा खरा. शिवाय तो आकडा बहुधा टेकूवर ठेवलेल्या रायफलचा असतो. माणूस उभा राहून नेम धरतो, तेव्हा श्वास आणि हृदयाचे ठोकेही त्यात मिसळतात. महागडी दुर्बीण घेण्याआधी हे लक्षात असू द्या. पदक त्या ठोक्यांवर ताबा मिळवणाऱ्याला मिळतं.