ठीक साडेपाच वाजता

गेल्या रविवारी साताऱ्यात एका संस्थेनं लहान मुलांसाठी गोष्टींचा कार्यक्रम ठेवला होता. पत्रिकेवर ‘ठीक सायं. 5.30 वाजता’ असं ठसठशीत छापलं होतं. पाहुणे पावणेसातला आले आणि दीपप्रज्वलन व्हायला सात वाजले. वेळ न पाळण्यावरचा माझा राग या सदराच्या वाचकांना नवा नाही. पण या खेपेला शेजारच्या वहिनी नऊ वर्षांच्या लेकाला घेऊन माझ्यासोबत आल्या होत्या. तो स्वमग्न आहे.

सातारा–सांगली एसटीचे थांबे हा पोरगा एका दमात सांगतो. कराड, पेठ नाका, आष्टा... मध्ये कुणी बोललं तर पुन्हा साताऱ्यापासून सुरुवात. क्रम ठाऊक असला की त्याचा जीव थाऱ्यावर असतो. म्हणून वहिनींनी घरीच पत्रिका वाचून दाखवली होती: आधी दिवा, मग गाणं, मग गोष्ट. साडेपाचला दिवा लागला नाही, सहालाही नाही. तो खुर्चीत मागेपुढे डोलू लागला, दर दोन मिनिटांनी “दिवा कधी?” विचारू लागला. तेवढ्यात माइकनं कर्कश शिट्टी मारली आणि तो दोन्ही कान दाबून ओरडला. पुढच्या रांगेतले गृहस्थ मागं वळून म्हणाले, “ताई, पोराला जरा शिस्त लावा की.” वहिनी मुकाट्यानं उठल्या. गोष्ट ऐकायला आलेलं लेकरू गोष्ट न ऐकताच घरी गेलं.

शिस्तीचं म्हणाल, तर त्या सभागृहात छापलेली वेळ आणि छापलेला क्रम मनापासून मानणारा तोच एकटा होता.

आता कायद्याचं थोडक्यात. 1995 च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आले, त्यांत ती आहे. याच कायद्याचं 29 वं कलम सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत सहभागी होण्याच्या हक्काबद्दल आहे. म्हणजे गोष्ट ऐकणं हा त्या मुलाचा हक्क आहे.

चाकाच्या खुर्चीला जसा उतार लागतो, तसं स्वमग्न माणसाला पुढं काय होणार हे आधी कळावं लागतं. आपले समारंभ नेमके तिथंच ढिले. पाहुणे येईपर्यंत थांबायचं, ऐन वेळी दोन सत्कार घुसवायचे, आभार मानता मानता आणखी एकाला बोलायला उभं करायचं. सगळ्यांनाच त्याचा कंटाळा येतो, पण या मुलांना त्रास होतो. वेळेवर सुरू करायला देणगी लागत नाही, ठराव लागत नाही. पाहुण्यांना उशीर होत असेल, तर गोष्ट आधी सुरू करावी. पाहुण्यांनीही मागं बसून ऐकावी.

नाटकवाल्यांकडून हे शिकता येईल. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथल्या प्रेक्षकाला तिसऱ्या घंटेचा अर्थ समजावावा लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये 2011 साली ‘द लायन किंग’चा खास स्वमग्न प्रेक्षकांसाठी प्रयोग झाला. दचकवणारे आवाज कमी केले, डोळ्यांवर येणारे दिवे टाळले, बाहेर शांत बसायला जागा ठेवली आणि घरच्यांना आधीच सगळी माहिती दिली. नाटक तेच राहिलं. असा एक प्रयोग सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात, एक साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात व्हावा, असं मला फार वाटतं.

आपल्याकडं कुणी करत नाही असंही नाही. या मुलाचं आजोळ सांगलीला आहे. तिथल्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यानं वहिनींना गेल्या वर्षी आपणहून फोन केला होता. “वहिनी, ढोल आठला वाजणार. तुम्ही सातला या, आरती त्याच्या हातून करू. डॉल्बी बंद असेल.” पोरगा गेला, त्यानं आरती केली, प्रसाद घेतला आणि आठच्या आत घरी परतला. या सगळ्याला एक फोन पुरला.

गणपतीच्या बैठका आता सुरू होतील. वाचनालयं, भजनी मंडळं, महिला मंडळं यांच्याही सभा होतील. त्या सभेला एखाद्या स्वमग्न मुलाच्या आईला बोलवा. स्वमग्न तरुण असेल तर त्यालाच बोलवा, कारण ही मुलं मोठी होतात आणि त्यांना आपलं म्हणणं असतं. काय खुपतं ते विचारा, आणि काय करायला आवडेल तेही. कुणी पुस्तकं क्रमानं लावील, कुणी वर्गणीच्या पावत्या जुळवील. नुसतं येऊ देण्यावर थांबू नका, काम सोपवा. काम सोपवलेल्या माणसाला ‘शिस्त लावा’ म्हणायला कुणाची जीभ सहजी रेटत नाही.