'शून्य' रीडिंग खोडू नका

सायन्सच्या बहुतेक लॅबमध्ये एक न लिहिलेला नियम असतो : उत्तर आधी, रीडिंग नंतर. पेंडुलमच्या प्रॅक्टिकलला 'जी'ची किंमत ९.८ च्या आसपास यायला हवी, हे सगळ्यांना माहीत असतं. मग ती येते. नाही आली तर आणली जाते. सीनिअरचं जर्नल असतं, खोडरबर असतो आणि व्हायवाला 'रीडिंग खरंच अशी आली का?' असं सहसा कुणी विचारत नाही. मार्कांपुरतं तर आहे, त्यात काय एवढं, असं आपण म्हणतो.

मला वाटतं, त्यात बरंच काही आहे. कारण 'काहीच सापडलं नाही' आणि 'यापेक्षा जास्त असूच शकत नाही' या दोन वाक्यांवर विज्ञानातलं फार मोठं काम उभं आहे. आणि नेमकी हीच दोन वाक्यं आपण जर्नलमधून खोडतो.

पहिल्या वाक्याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे शास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत यंत्रं घेऊन उतरत होते. अंतराळातून पृथ्वीवर सतत कॉस्मिक किरणांचा मारा होत असतो. ते वातावरणावर आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होतात आणि जमिनीत खोलवर घुसतात. किती खोलीवर किती म्युऑन पोचतात, हे त्यांना मोजायचं होतं. खोली वाढत गेली तसा आकडा घटत गेला. अडीच किलोमीटरच्याही खाली तर दोन महिने यंत्र चालू ठेवून एकही म्युऑन नोंदला गेला नाही. चक्क शून्य!

वरच्या पातळ्यांवर म्युऑन व्यवस्थित मोजले गेले होते, म्हणून या शून्यावर विश्वास ठेवता आला. आणि त्यातून पुढचा विचार सुचला : इथे एवढी शांतता आहे, तर न्यूट्रिनो इथेच शोधायला हवा. न्यूट्रिनो हा कण क्वचितच कशाला धडकतो, त्यामुळे म्युऑनच्या गर्दीत तो ओळखू येत नाही. १९६५ मध्ये कोलारला टीआयएफआर, जपानची ओसाका सिटी युनिव्हर्सिटी आणि इंग्लंडची डरहॅम युनिव्हर्सिटी यांच्या टीमने वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाणीतही ते सापडले. अशा न्यूट्रिनोंच्या जगातल्या पहिल्या नोंदी याच.

आता दुसरं वाक्य, 'यापेक्षा जास्त नाही'. कॉस्मिक किरण येतात कुठून, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. या कणांवर विद्युतभार असतो, त्यामुळे वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांत ते वळत राहतात आणि मूळ पत्ता हरवतो. पण ते कुठे आदळले की त्या टकरीतून गॅमा किरण आणि न्यूट्रिनो अशी जुळी भावंडं जन्मतात. २००८ साली सोडलेली फर्मी ही अंतराळ दुर्बीण सगळ्या आकाशातले गॅमा किरण मोजते. त्यातून आपल्या आकाशगंगेचा वाटा वजा केला, ओळखीचे स्रोत वजा केले, तरी सगळीकडून येणारी एक अंधुक चमक उरते. ही चमक म्हणजे एक कमाल मर्यादा आहे.

आंब्याच्या सीझनचं उदाहरण घ्या. एखादा बागायतदार म्हणाला, यंदा पाच हजार पेट्या पाठवल्या. त्याने रिकाम्या पेट्या विकत घेतल्या तीन हजार. किती माल गेला ते यावरून कळत नाही. पण पेटीतून तीन हजारांपेक्षा जास्त गेला नाही, हे नक्की. गॅमा किरणांची चमक म्हणजे या रिकाम्या पेट्या. विश्वात अमुक इतके कॉस्मिक किरण आदळतात असा दावा कुणी केला, तर तेवढे गॅमा किरणही दिसायला हवेत. फार जास्त ऊर्जेचे गॅमा किरण वाटेत अडतात हे खरं, पण त्यांची ऊर्जा नाहीशी होत नाही. ती कमी ऊर्जेच्या गॅमा किरणांत उतरते आणि शेवटी फर्मीच्या हिशेबात येतेच. या एका मोजमापामुळे अनेक कल्पना बाद झाल्या.

गंमत पुढे आहे. दक्षिण ध्रुवावर बर्फात एक घन किलोमीटर पसरलेल्या आइसक्यूबने २०१३ मध्ये अंतराळातून आलेल्या अतिऊर्जावान न्यूट्रिनोंचा पुरावा जाहीर केला. त्यातल्या तुलनेने कमी ऊर्जेच्या न्यूट्रिनोंची संख्या या मर्यादेत नीट बसेना. माल आहे, पेट्या नाहीत! मग तो क्रेटमधून गेला असणार, म्हणजे गॅमा किरणांना बाहेर पडू न देणारे काही स्रोत असणार, असा अंदाज बांधला गेला. २०२२ मध्ये आइसक्यूबने सुमारे ४.७ कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या एनजीसी १०६८ या दीर्घिकेकडून आलेल्या सुमारे ८० न्यूट्रिनोंचा पुरावा मांडला. तिच्याकडून त्या प्रमाणात अतिऊर्जावान गॅमा किरण मात्र दिसत नाहीत. हिशेब जुळत नव्हता, तो कुणी जुळवून टाकला नाही, म्हणून शोधायचं कुठे ते कळलं.

आता आपल्या लॅबकडे या. प्रत्येक शून्यामागे शोध नसतो. बऱ्याचदा वायर सैल असते किंवा स्टॉपवॉच उशिरा दाबलेलं असतं. पण तेही खरी रीडिंग लिहिली तरच सापडतं. प्रॅक्टिकलचे दोन मार्क जायची भीती खोटी नाही. म्हणून नुसतं 'प्रामाणिक राहा' असा उपदेश पोरांना करून भागणार नाही. चुकलेल्या उत्तरामागचं कारण नीट लिहिणाऱ्याला मार्क द्यायची सुरुवात शिक्षकांना करावी लागेल. 'आविष्कार'सारख्या संशोधन स्पर्धेच्या पोस्टरवर 'काय जमलं नाही' असा एक चौकोन का नसावा? आणि आम्ही मीडियावाले 'शोध लागला'ची हेडलाइन करतो, तशी 'ही शक्यता संपली'चीही करायला हवी.

पुढच्या प्रॅक्टिकलला 'जी' १०.४ आली, तर १०.४ च लिहा. खाली दोन ओळींत का आली असेल ते लिहा. आणि व्हायवाला सरांनी विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा.