ढकलत नेता येईल इतक्या अंतरावर

शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस उरले की पुण्यातल्या कितीतरी घरांत पहिल्या सायकलीचा विषय निघतो. कुठे सहावीत जाणाऱ्या मुलासाठी, कुठे कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या मुलीसाठी, तर कुठे डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेल्या पन्नाशीच्या बाबांसाठी. चर्चा होते ती रंगाची, गिअरची आणि किमतीची. मग रविवारी सगळे गाडीत बसून शहराच्या कडेला असलेल्या एखाद्या मोठ्या साखळी दुकानात जातात, तासाभरात सायकल पसंत होते आणि डिकीत घालून घरी येते. ती बिघडल्यावर कुठे न्यायची, हा प्रश्न या सगळ्या चर्चेत कुणीच विचारत नाही. आमच्या मते तोच पहिला प्रश्न आहे. पंक्चर झालेली सायकल हाताने ढकलत जिथवर नेता येईल, अशाच दुकानातून नवशिक्याने आपली पहिली सायकल घ्यावी.

हे आम्हाला उशिरा कळले. घरातल्या एका मुलीसाठी आम्हीही अशाच मोठ्या दुकानातून सायकल आणली होती. तिसऱ्या आठवड्यात डाव्या पायाखाली टक्‌टक्‌ आवाज येऊ लागला. नवी सायकल आहे, बसेल हळूहळू, असे म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. चार दिवसांनी भर रस्त्यात पेडल निखळले आणि मुलगी पडली. गुडघ्यावर निभावले, कारण मागून बस येत नव्हती. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी क्रँक पुसून उजेडात धरला आणि आत बोट फिरवायला सांगितले. आतले आटे पार झिजून गेले होते. सायकलीच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. चालवताना पायाच्या जोराने ते सैल होऊ नये, म्हणून ही रचना आहे. ते घड्याळाच्या उलट दिशेने, आधी हाताने आणि मग पान्याने आवळायचे असते. इथे कुणीतरी घाईत ते तिरके धरून पान्याने रेटले होते. पेडल शाबूत होते, पण अख्खा क्रँक बदलावा लागला.

सायकल कारखान्यातून पूर्ण होऊन येत नाही, ही गोष्ट ग्राहकाला सहसा ठाऊक नसते. ती खोक्यात येते. हँडल, पुढचे चाक, पेडल, सीट दुकानात बसवायचे असते. ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी ओढून जुळवायच्या असतात. सायकल चांगली की वाईट, हे या शेवटच्या तासाभराच्या कामात निम्मेअधिक ठरते. कुठल्याही सोसायटीच्या आवारात संध्याकाळी लहान मुलांच्या सायकली पाहा. एखादीचा पुढचा चिमटा उलटा बसवलेला असतो आणि ब्रेक मागच्या बाजूला आलेला असतो. मूल तशीच चालवत असते आणि आईवडिलांना त्यात काही चुकले आहे याची कल्पनाही नसते.

मोठ्या दुकानांत जाणकार कारागीर नसतात, असे आम्ही म्हणत नाही. असतात, आणि काही ठिकाणी फार चांगले असतात. पण सायकल कुणी जोडली हे तिथे घेणाऱ्याला कळत नाही, आणि ती पुढे कशी चालली हे जोडणाऱ्याला कळत नाही. गल्लीतल्या दुकानात ज्याने पेडल आवळले, त्याच्याच दारावरून ती सायकल रोज जाणार असते. आवाज आला तर तो गल्लीतच हाक मारून थांबवतो. दर्जा टिकतो तो या रोजच्या नजरेमुळे.

दुसरी गोष्ट पहिल्या महिन्याची. नव्या चाकाच्या तारा वापरात थोड्या सैलावतात, ब्रेकच्या वायरी ताणतात, नटबोल्ट बसके होतात. म्हणून महिनाभराने सायकल एकदा मिस्त्रीच्या हाताखालून जायलाच हवी. चाकाचा आउट काढताना कधी दोन मिनिटे उभे राहून पाहावे. सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी केलेली. चाकाला एक गरका, आणि रिमच्या कडेशी हलकेच धरलेला खडू. जिथे रिम बाहेर आली आहे तिथेच खडूची रेघ उमटते. मग तारेची चावी, पाव फेरा इकडे ढिला, पाव फेरा तिकडे घट्ट, पुन्हा गरका. रेघ आखूड होत जाते आणि शेवटी चाक खडूला न शिवता सरळ फिरते. दहा-पंधरा मिनिटांचे काम, पण ते झाले नाही तर रिम ब्रेकला घासत राहते, सायकल जड जाते आणि नवशिक्याला वाटते की आपल्यातच दम नाही.

दुकान पंधरा किलोमीटरवर असेल तर ही पहिली सर्व्हिस, फुकट असली तरी, होत नाही. सायकल रिक्षात मावत नाही, आणि गाडीच्या डिकीत घालायला पुन्हा एक रविवार मोकळा लागतो. तो मिळत नाही. मग ती जिन्याखाली जाते. पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात उभ्या असलेल्या सायकली आम्ही अनेकदा जवळ जाऊन पाहिल्या आहेत. गंजून मोडलेल्या त्यांत थोड्याच. बहुतेकींच्या टायरमध्ये हवा नाही, एखादीचा ब्रेक अडकलेला, एखादीची चेन उतरलेली. अर्ध्या तासाच्या आणि थोड्या पैशांच्या कामाअभावी त्या कायमच्या थांबल्या आहेत.

हाताशी माणूस असणे म्हणजे काय, हे पुण्याने मोठ्या प्रमाणावरही पाहिले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये शहरात अ‍ॅपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या. लोकांनी हौसेने चालवल्या. पण बिघडलेली सायकल उचलून वेळेवर नीट करणारे हात पुरे पडले नाहीत. मोडतोड आणि चोऱ्याही झाल्या, आणि त्या रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. याउलट उदाहरण अ‍ॅटलसचे. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. हजारभर कामगारांचे काम गेले, हे दुःख मोठेच. पण लोकांच्या घरातल्या अ‍ॅटलस सायकली त्यामुळे थांबल्या नाहीत. जुन्या काळ्या सायकलीचे छर्रे, अ‍ॅक्सल, फ्रीव्हील, ब्रेक रबर कुठल्याही दुकानात मिळते, एका कंपनीचा भाग दुसरीला चालतो आणि तो बसवणारा गावोगाव असतो. कंपनी गेली तरी तिची सायकल चालते.

पहिली सायकल घेताना हा निकष हाताशी ठेवावा. मागच्या गिअरला धरून ठेवणारा छोटा हँगर सायकल पडली की वाकतो. तो मॉडेलगणिक वेगळा असतो, आणि नेमका तोच मिळाला नाही तर सायकल आठवडेच्या आठवडे उभी राहते. म्हणून घेतानाच विचारावे, हा भाग इथे मिळेल ना? ज्याला रोज चार-पाच किलोमीटर शाळेत, क्लासला, भाजीला जायचे आहे, त्याला पुढच्या स्प्रिंगच्या चिमट्याची गरज नाही. स्वस्तातला तसला चिमटा वजन वाढवतो आणि पायाचा जोर खातो. साधा चिमटा, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि घंटी एवढे पुष्कळ झाले. चढाचा रस्ता असेल तर सहा-सात गिअर पुरतात. मापाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. वाढत्या अंगाचा गणवेश घेतो तशी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नये. दांडी मध्ये घेऊन उभे राहिल्यावर दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. पाय टेकत नाहीत अशा सायकलीवर मूल शिकते ती फक्त भीती.

मोठ्या दुकानांकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तिथे किंमत लिहिलेली असते, बिल मिळते, हवी तितकी चालवून पाहता येते. एकट्या गेलेल्या मुलीलाही तिथे मोकळेपणाने चार सायकली चालवता येतात आणि तिचा निर्णय तिच्याकडेच राहतो. गल्लीतली बरीच दुकाने इथे कमी पडतात. बाई समोर उभी असताना बोलणे तिच्या नवऱ्याशी होते. चालवून पाहू का म्हटले की कपाळाला आठी पडते. जाड टायरची, दोन्हीकडे स्प्रिंग असलेली, अठरा किलोची सायकल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली जाते. आमची या दुकानदारांना कळकळीची विनंती आहे की हे बदला. पक्के बिल द्या, एक सायकल चालवून पाहण्यासाठी बाहेर काढून ठेवा, माप घेऊन मगच सायकल दाखवा, आणि महिन्याने सर्व्हिसला या म्हणून स्वतः फोन करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलाशिवाय विकण्याचा मोह धरण्याचे कारण आता आणखी कमी झाले आहे.

ग्राहकांनाही एक सांगणे आहे. विक्री मोठ्या दुकानाची आणि पंक्चर मात्र कोपऱ्यावरच्याचे, अशी वाटणी करून कोपऱ्यावरचे दुकान टिकत नाही. हवा आणि पंक्चरच्या पैशांत जागेचे भाडे निघत नाही, ते निघते सायकल विकली की. चार-पाचशे रुपये वाचले म्हणून सगळ्यांनीच बाहेरून सायकली आणल्या, तर चाकाचा आउट काढणारा हात आपल्या वस्तीतून उठेल, आणि त्याचा मुलगा ते काम शिकणार नाही. मग बाहेरून आणलेल्या सायकलीही उभ्या राहतील.

शहराबाहेर तर याचे मोल आणखी मोठे आहे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. वाडीवरून रोज शाळेत जाणाऱ्या त्या मुलीची सायकल बंद पडणे म्हणजे तिची शाळा बुडणे. तिला सायकलीबरोबर गावातला पाना धरणारा माणूसही हवा असतो, आणि तो टिकवणे हे सायकल वाटण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

तेव्हा येत्या रविवारी सायकल घ्यायला निघाल तेव्हा गाडी काढू नका. घरून चालत निघा. वीस मिनिटांच्या अंतरात जी दोन-तीन दुकाने लागतील तिथे थांबा, आत कोण काम करते आहे ते पाहा, चार प्रश्न विचारा. ज्याची उत्तरे पटतील त्याच्याकडे पेडल आपल्या डोळ्यांसमोर आवळून घ्या. आणि सायकल डिकीत घालून आणू नका. ज्याची आहे त्यालाच ती चालवत घरी आणू द्या, आपण बाजूने चालत या. दुकान ते घर हा रस्ता तिच्या पहिल्याच दिवशी ओळखीचा होऊ दे.