फाटकावर बसलेली हिरॉईन

तुमचं अपॉइंटमेंट लेटर तुम्ही पूर्ण वाचलंय का हो? खरं सांगा! सीटीसीचा आकडा, जॉइनिंगची तारीख आणि शेवटच्या पानावरची सहीची जागा, एवढं सोडून मधली ती बारीक टाइपातली पानं? चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत कुठल्याही कंपनीच्या कँटीनमध्ये हा प्रश्न टाकून बघा. निम्मे लोक चहात बिस्कीट बुडवतील आणि उरलेले विषय बदलतील. एचआरशी कोण डोकं लावणार, बॉस? सही करायची आणि मोकळं व्हायचं.

म्हणूनच आज एका हिरॉईनची गोष्ट सांगणार आहे. एकदम जुनी. आपल्या आजीच्या, कदाचित पणजीच्या काळातली.

साल 1939. पुण्याची प्रभात फिल्म कंपनी म्हणजे तेव्हाचा देशातला टॉपचा ब्रँड. 'संत तुकाराम' ह्यांचाच. ह्या कंपनीच्या फाटकावर एक बाई उपोषणाला बसली. कुणी काम न मिळालेली नवखी मुलगी नव्हे; कंपनीची स्टार, जिची गाणी लोकांच्या ओठांवर होती अशी गायिका-अभिनेत्री. नाव शांता आपटे. कारण काय? तर करारातल्या अटींवरून मालकांशी झालेला वाद.

महात्मा गांधींनी त्याच वर्षी मार्च महिन्यात राजकोटला उपोषण केलं होतं. हे हत्यार अख्ख्या देशाच्या ओळखीचं होतं. पण ते सिनेमातल्या नटीने स्वतःच्या नोकरीसाठी उपसायचं? लोकांच्या भुवया किती वर गेल्या असतील, कल्पना करा!

शांताबाई मूळच्या दुधनीच्या. सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकच्या वेशीवरचं हे गाव. गाण्याचं शिक्षण पंढरपुरात झालं, मग पुण्यात गणपती उत्सवातून गाणं सुरू झालं. 1932 मध्ये भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मधून त्या पडद्यावर आल्या. 'आलम आरा' येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. प्लेबॅक नावाची सोय अजून यायची होती. म्हणजे काय, तर पडद्यावर जो दिसतो त्यानेच गायचं, तेही शूटिंग चालू असताना. गाता येत असेल तर नायिका, नाहीतर पुढच्या दाराला जा! आज गायिका वेगळी, नटी वेगळी, डान्सची उस्ताद आणखी वेगळी. शांताबाईंच्या पिढीत हे सगळं एकाच बाईच्या डोक्यावर असायचं.

1934 मध्ये व्ही. शांताराम यांचा 'अमृतमंथन' आला. प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आल्यावरचा हा पहिला सिनेमा, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढलेला. संगीत केशवराव भोळ्यांचं. शांताबाईंचं वेगळेपण इथे लोकांच्या लक्षात आलं. त्याआधी पडद्यावरचं गाणं म्हणजे नाटकातल्यासारखं ताठ उभं राहून म्हणायचं पद. शांताबाई गाताना डोळ्यांनी बोलायच्या, हात हलवायच्या, मान वळवायच्या. साधी वाटते, पण त्या काळात ही गोष्ट नवीन होती. आज कॅमेऱ्यासमोर आपण जे सहज करतो ना, मोबाईल धरून का होईना, त्याची सुरुवात करणाऱ्यांत ह्या बाई होत्या. मग 1936 मध्ये 'अमरज्योती', 1938 मध्ये 'गोपाळकृष्ण'. पण त्यांचं नाव आजही ज्यासाठी घेतलं जातं तो सिनेमा ह्या दोघांच्या मधला, 1937 चा 'कुंकू'. हिंदीत 'दुनिया ना माने'.

ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा सिनेमा. नीरा नावाची पोरकी मुलगी. मामा फसवून तिचं लग्न लावून देतो ते एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी. काकासाहेब. ही भूमिका केशवराव दात्यांनी केली. आता मराठी सिनेमातली बाई अशा वेळी काय करते? रडते, देवापुढे बसते, नशिबाला दोष देते. नीरा ह्यातलं काहीच करत नाही. ती सरळ सांगते, हे लग्न मला मान्य नाही. त्याच घरात राहते, पण नवरा म्हणून त्याला जवळ येऊ देत नाही. तिच्यावर वाईट नजर टाकणाऱ्या सावत्र मुलाला तर छडीचा प्रसाद मिळतो. शेवटी म्हाताऱ्यालाच स्वतःच्या वागण्याची लाज वाटते.

ह्या सिनेमात वेगळं पार्श्वसंगीत नाही. घरातलं, रस्त्यावरचं जे ऐकू येईल तेच. घड्याळाची टिकटिक तर अशी वापरलीय की म्हाताऱ्याचं सरत चाललेलं वय आपल्याला ऐकू यावं. आणि नीरा चक्क इंग्रजीत गाते! लाँगफेलोची 'अ साम ऑफ लाइफ' ही कविता. 1937 साली, नऊवारीच्या जमान्यात, एक मराठी नटी स्वतःच्या आवाजात आयुष्याच्या लढाईत उतरायला सांगणारी इंग्रजी कविता म्हणतेय. कॉन्फिडन्स म्हणतात तो हा.

आता मला सांगा, जी बाई पडद्यावर 'मान्य नाही' म्हणून टाळ्या घेते, तिने तेच कंपनीच्या ऑफिसात म्हटलं तर काय होतं?

टाळ्या वाजत नाहीत. इथेच तर सगळी गोची आहे.

त्या काळची फिल्म कंपनी म्हणजे कारखानाच होता. नट, संगीतकार, सुतार, रंगारी, सगळे महिन्याच्या पगारावर. कंपनी सांगेल त्या सिनेमात काम करायचं, करार संपेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही. चेहरा तुमचा, आवाज तुमचा, पण तो कुठे वापरायचा ते मालक ठरवणार. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. हॉलिवूडची बेट डेव्हिस 1936 मध्ये वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध लंडनच्या कोर्टात उभी राहिली आणि हरली. ऑलिव्हिया द हॅविलंडने त्याच कंपनीला पुन्हा कोर्टात खेचलं आणि 1944 मध्ये ती जिंकली. सात वर्षांपेक्षा जास्त काळ कलाकाराला करारात अडकवून ठेवता येणार नाही, हे तिच्यामुळे ठरलं. शांताबाईंचं उपोषण ह्या दोघींच्या बरोबर मधलं. फरक इतकाच, की त्या कोर्टात गेल्या नाहीत, फाटकावर बसल्या.

माझी एक मैत्रीण आहे. इथेच एका कंपनीत होती, नाव सांगत नाही. जॉइन होताना तिच्या ओरिजिनल मार्कशीट्स ठेवून घेतल्या आणि दोन वर्षांचा बाँड. दीड वर्षाने तिला दुसरीकडे चांगली ऑफर आली, तर हे म्हणतात पैसे भर नाहीतर मार्कशीट विसर. तिने घरी सांगितलं. घरच्यांनी काय सांगावं? 'गप बस, सहा महिने काढ, नावाला बट्टा लागेल.' ती गप बसली. ऑफर गेली. मी तिला दोष देत नाही. घराचा हप्ता डोक्यावर असला की आपल्यातले नव्वद टक्के लोक हेच करतील. पण तेव्हापासून फाटकावर बसलेल्या शांताबाई माझ्या डोक्यातून जात नाहीत. कारण 'नाव खराब होईल' ही भीती 1939 मधल्या सिनेनटीला आपल्यापेक्षा शंभर पटीने जास्त असणार. सिनेमात काम करणाऱ्या बाईकडे तेव्हा समाज आधीच वाकड्या नजरेने बघत होता. त्यात हे!

शांताबाईंनी प्रभात सोडली. आणि पुढच्याच वर्षी, 1940 मध्ये, एक पुस्तक लिहिलं. नाव 'जाऊ मी सिनेमात?' सिनेमात यायची स्वप्नं बघणाऱ्या पोरापोरींसाठी. त्यात ग्लॅमरच्या गप्पा कमी आणि ह्या धंद्यातले कष्ट, दमणूक, पैसेवाला आणि राबणारा ह्यांच्यातलं नातं, हेच जास्त. स्टार असूनही त्यांनी स्वतःकडे राबणारी बाई म्हणून बघितलं. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या करिअरमधली सगळ्यात मॉडर्न गोष्ट हीच.

पुढे त्या फ्रीलान्सर झाल्या. 'सावित्री' (1941) केला, तोही तमिळमध्ये, भाषा शिकून. त्यात नारदाच्या भूमिकेत कोण होतं माहितीय? एम. एस. सुब्बुलक्ष्मी! मग लाहोरच्या पंचोलींचा 'जमीनदार' (1942), संगीत गुलाम हैदर यांचं. 1946 मध्ये मास्टर विनायकांच्या 'सुभद्रा'त त्यांच्याबरोबर एका कोवळ्या मुलीने गाणं गायलं. तिचं नाव लता मंगेशकर. पुणे, लाहोर, मुंबई... त्या काळात, एकटीच्या हिमतीवर! आज आपण पुण्याला शिफ्ट व्हायचं म्हटलं तरी सहा महिने विचार करतो.

ह्याची किंमत मोजावी लागली का? लागली. 'कुंकू'च्या तोडीचा सिनेमा त्यांना पुन्हा मिळाला नाही. प्रभातसारखी टीम, शांतारामांसारखा दिग्दर्शक, भोळ्यांसारखा संगीतकार, हे सगळं फ्रीलान्सरच्या वाट्याला एकत्र येत नाही. त्यात प्लेबॅक रुळला, आणि गाणारी नटी ही जातच हळूहळू संपली. 1964 च्या फेब्रुवारीत शांताबाई गेल्या, पन्नाशीही न गाठता. योगायोग बघा, जुने सिनेमे जपणारं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू झालं तेही त्याच महिन्यात. आणि प्रभातच्या ज्या आवारात हे सगळं घडलं, तिथे 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. सिनेमात जायचं असलेली पोरं आजही त्याच जागेत शिकतात.

म्हणजे बंड केलं की सगळं गोड होतं, असला फंडा मी तुम्हाला विकणार नाही. उठून गेटवर बसा असंही म्हणत नाही! आणि बाँड म्हणजे रद्दी, असं समजू नका. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवलाय. पण सहीच्या आधी प्रश्न विचारायला कुठलाच कायदा अडवत नाही. 'हे कलम का आहे?' 'नोटीस पिरियड दोघांनाही सारखाच का नाही?' 'मार्कशीटची झेरॉक्स चालेल ना?' फार तर समोरचा चमकेल. चमकू दे की.

वीकेंडला 'कुंकू' बघा, नेटवर शोधलात तर सापडतो. प्रिंट जुनी आहे, आवाज खरखरतो, पहिली दहा मिनिटं धीर धरा. मग नीरा बोलायला लागते आणि आपण पॉपकॉर्न विसरतो. आणि सोमवारी ड्रॉवरमधून ते लेटर काढा. पान दोनपासून वाचा.