बर्फावाचून घसरगुंडी

गेल्या मे महिन्यात लालबागेतील आमचे एक वृद्ध शेजारी व त्यांचा नातू यांजबरोबर लोअर परळ येथील एका क्रीडागृहात जाण्याचा योग आम्हांस आला. बाहेर उकाड्याने जीव नकोसा झाला होता. आत पाहावे तो एका भल्या मोठ्या पडद्यावर हिमाच्छादित पर्वत उभा, आणि त्यापुढे डावी-उजवीकडे कलणाऱ्या एका फळीवर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा कठडा धरून डोलत होता. फळी कलली की पडद्यावरील गडी वळे, आणि उंचवट्यावरून उडाला की आसपासची मुले ओरडत. एका डावास जे मोल पडले तेवढ्यात दादरला दोघांचे पोटभर खाणे झाले असते, हे येथे नमूद करून ठेवतो.

या खेळास स्नोबोर्डिंग म्हणतात. खरा खेळही फारसा जुना नाही. १९६५ साली नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मिशिगन प्रांतात शर्मन पॉपेन नामक गृहस्थाने आपल्या मुलींच्या करमणुकीसाठी बर्फावर घसरण्याच्या दोन पट्ट्या एकमेकींस जोडल्या, तेथून त्याचा उगम सांगतात. १९९८ साली जपानातील नागानो येथे तो हिवाळी ऑलिंपिकमध्ये आला. परंतु यंत्रवाले त्याच्याही पुढे धावले. नाम्को या जपानी कंपनीने १९९६ सालीच 'अल्पाइन सर्फर' नावाचे, प्रत्यक्ष फळीवर उभे राहून खेळावयाचे यंत्र काढले होते. पुढे २००० साली 'एसएसएक्स' आला, आणि २०१५ साली 'आल्टोज ॲडव्हेंचर' हा खेळ थेट मोबाइलवर अवतरला. त्यात एक धनगर मुलगा पळालेल्या लामांच्या (हे उंटाच्या जातीचे, दक्षिण अमेरिकेतील जनावर) पाठीमागे डोंगर उतरतो, आणि खेळणाऱ्याने केवळ एक बोट हलवावयाचे असते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी तो लोकल गाडीत उभ्याउभ्या खेळला असेल.

अशा खेळांस 'आर्केड' पद्धतीचे म्हणतात, म्हणजे नाणे टाकून खेळावयाच्या जुन्या यंत्रांच्या धर्तीचे. त्यांत निसर्गाचे नियम हेतुपुरस्सर सैल केलेले असतात. 'एसएसएक्स'मध्ये हवेत जितक्या धाडसी कोलांट्या माराव्यात तितकी वेग वाढविण्याची शक्ती पदरी पडते. खऱ्या डोंगरावर त्याच कोलांट्यांनी मान मोडावयाची. आणि पडले तरी काय? खेळाडू क्षणभर बर्फात लोळतो, उठतो आणि चालू लागतो.

आमच्या मते या खेळाचे सारे आकर्षण या पडण्यात आहे. बर्फाचे अप्रूप असते खरे (मुंबईस तर एकोणिसाव्या शतकात बोस्टनहून जहाजे भरून बर्फ येत असे, म्हणजे ही हौस जुनीच). परंतु ते पहिल्या दोन डावांत संपते. तिसरा डाव मुलगा खेळतो तो, मघाशी जेथे पडलो तेथे आता पडणार नाही, या ईर्ष्येने. त्याची चूक कोणी वहीत टिपून ठेवीत नाही, कोणी ती घरी कळवीत नाही.

पालक म्हणतात, पोरे वाया चालली. त्यांस आमचा सविनय प्रश्न असा, की मुलांनी घसरावे कोठे? ज्यांचे बालपण कोकणात गेले त्यांस पोफळीच्या झावळीचे रुंद देठ आठवत असेल. एकाने त्यावर बसावे, दुसऱ्याने ओढावे, आणि वळणावर दोघांनी धुळीत लोळावे! गुडघे फुटत, पण त्याची दाद घरी लागत नसे. गिरगावच्या चाळीतील गॅलरीत हे कसे व्हावे? परळच्या इमारतींखालील मोकळी जागा मोटारींनी व्यापली आहे. शिवाय आम्ही वडील मंडळींनी आणि शिक्षकांनी मुलाच्या प्रत्येक पडण्यास गुण ठरवून दिले आहेत. चाचणीत चार गुण गेले तरी घरी सुतक. अशा मुलास जेथे पडणे माफ आहे ती जागा प्रिय वाटली तर त्यात आम्हांस नवल वाटत नाही.

तथापि विद्यार्थ्यांची बाजू आम्ही सर्वस्वी घेत नाही. २०२२ च्या बेजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे एकटा आरिफ खान उतरला होता. तो गुलमर्गच्या परिसरातला, आणि त्याचा खेळ फळीचा नव्हे, दोन पट्ट्यांचा. एका शर्यतीत तो पंचेचाळिसावा आला. दुसरी त्याला पूर्ण करता आली नाही. यंत्रावर असता तर तीन क्षणांत पुन्हा मार्गावर असता. तेथे तसे होत नाही. वर्षानुवर्षे केलेली मेहनत एका वळणावर संपते आणि हजारो मैल परत यावे लागते. पडद्यावर सफाईने उतरणाऱ्या आमच्या मित्रांस हे ठाऊक असावे. ज्यांस तोल सांभाळण्याची खरी गोडी लागली असेल त्यांनी एका सायंकाळी शिवाजी पार्कवर मल्लखांब पाहावा. २०१९ साली त्याची पहिली जागतिक स्पर्धा तेथेच झाली. एरंडेल लावलेला तो खांब कोणावरही दया करीत नाही, आणि त्यावरून निसटलेले मूल कसे पुन्हा रांगेत जाऊन उभे राहते हे पाहण्यासारखे असते.

असो. त्या दिवशीची हकीकत पुरी करतो. आमचे शेजारी पूर्वी याच भागातील एका गिरणीत रिंग खात्यात होते. १९८२ च्या संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पडद्याकडे बराच वेळ टक लावून ते म्हणाले, "आमच्या खात्यात असाच कापूस उडायचा. पाळी सुटली की भुवया पांढऱ्या." नातवाने हट्टच धरला, तेव्हा चपला काढून ते फळीवर चढले. पहिल्याच वळणावर पडद्यावरील गडी आडवा! म्हातारे दचकून खाली उतरू लागले, तो नातू मागून ओरडला, "आजोबा, उतरू नका, काही होत नाही. तो आपोआप उठतो." ते पुन्हा उभे राहिले. त्यानंतर ते आणखी चार वेळा पडले, आणि दुसऱ्या डावाचे पैसे त्यांनी आम्हांस देऊ दिले नाहीत.