माईक तिच्या हाती, माऊस कुणाच्या हाती?

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची भांडी आवरून जरा पाठ टेकते न टेकते, तोच आमच्या बचत गटातली एक मैत्रीण दारात. चेहरा उतरलेला.

"वहिनी, आमच्या पोरीला तुम्ही तरी समजावून सांगा. बारावीचं वर्ष, आणि वेळ मिळाला की कॉम्प्युटरपुढं बसून चौकोन भरत असते!"

"कसले गं चौकोन?"

"तेच तर कळत नाही! कानाला हेडफोन आणि माऊसनं टक टक टक. विचारलं तर म्हणते, गाणं करतेय. अहो, गाणं गळ्यानं करतात ना? आठ वर्षं क्लास लावला, पेटी घेऊन दिली. गा म्हटलं तर गात नाही. मग हे इंजिनियरिंग कशाला?"

समजावण्याची कामं माझ्याकडं येतातच. संध्याकाळी गेले. पोरीनं काही न बोलता तिचा हेडफोन माझ्या कानाला लावला आणि पडद्याकडं बोट केलं. एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीत छोटी छोटी सोळा घरं.

"काकू, तीनतालाच्या सोळा मात्रा समजा. ज्या घरावर क्लिक करीन तिथं ठोका वाजणार. आता पहिलं, पाचवं, नववं आणि तेरावं घर भरते."

धप्, धप्, धप्, धप्! अहो, हा तर मिरवणुकीतला डीजेचा ठोका! आणि गंमत बघा, एक, पाच, नऊ, तेरा म्हणजे आपल्या तीनतालातल्या टाळी-खालीच्याच जागा. फरक एवढाच, की नवव्या मात्रेवर आपल्याकडं खाली असते आणि इथं तिथंही दणका. मग तिनं दुसरी ओळ भरली. त्यातून एक ओळखीचा आवाज आला. खलबत्त्याचा! आई लसूण कुटत असताना तिनं तो फोनवर टिपून घेतला होता. त्यावर स्वतःचा आलाप, खाली एक लांब ओढलेला सूर. आठ वर्षांचा क्लास वाया गेला नव्हता. तो या चौकोनांत जाऊन बसला होता.

खरं सांगते, तिला समजवायला गेलेली मी, स्वतःच विचारात पडून घरी आले. आणि वाचायला बसले.

तिच्याकडं होतं त्या सॉफ्टवेअरचं नाव एफएल स्टुडिओ. बेल्जियममधल्या इमेज-लाइन या कंपनीनं ते १९९७ साली काढलं. तेव्हा नाव होतं फ्रूटीलूप्स, ते २००३ मध्ये बदललं. सुरुवातीला त्यात मुख्यतः ठोक्यांची ही घरंच होती. पुढं सुरांचा तक्ता आला, वाद्यांचे आवाज आले, प्रत्येक आवाज कमी-जास्त करणारं मिक्सर आलं. नेदरलँड्सच्या मार्टिन गॅरिक्सनं 'ॲनिमल्स' ही जगभर वाजलेली धून २०१३ साली यावरच केली. तेव्हा तो होता अवघा सतरा वर्षांचा! बर्लिनच्या एबलटन कंपनीचं 'लाइव्ह' हे सॉफ्टवेअर २००१ मध्ये आलं. ते करणारे स्वतःच इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे होते, त्यामुळं मंचावर उभं राहून वाजवता वाजवता बदल करता यावेत अशी त्याची रचना. ॲपलनं २००४ मध्ये गॅरेजबँड काढलं.

हे सगळं वापरून गाणं उभं करणाऱ्याला म्युझिक प्रोड्युसर म्हणतात. आपल्याला निर्माता म्हटलं की पैसे लावणारा माणूस आठवतो. इथं मात्र ठोका कुठं, सूर कुठला, आवाज किती आणि गाणं संपवायचं कुठं हे ठरवणारा तो प्रोड्युसर. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं, तर भाजी कुणीही आणो, फोडणी आणि मीठ याच्या हातचं.

आता यात बायकांच्या दृष्टीनं किती मोठी गोष्ट झाली बघा. पूर्वी गाणं करायचं म्हणजे तासावर भाड्यानं स्टुडिओ घ्यायचा, वादक जमवायचे, रात्री-अपरात्री थांबायचं. घरातून परवानगी मिळवण्यातच निम्मा दम जायचा. आता स्टुडिओच टेबलावर आला. कॅनडाच्या ग्राइम्स या गायिकेनं २०१२ सालचा 'व्हिजन्स' हा अख्खा अल्बम आपल्या राहत्या घरात, त्या गॅरेजबँडवर एकटीनं केला. म्हणजे वाटेतले धोंडे गेले, आता बायका भराभर पुढं येतील असंच कुणालाही वाटेल. हो ना?

तर ऐका. अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये आधीच्या काही वर्षांतल्या लोकप्रिय गाण्यांचे प्रोड्युसर मोजले. निघाले ४९ पुरुषांमागे १ बाई! पुढच्या वर्षांच्या मोजणीतही बायका शंभरात दहाच्या आतच राहिल्या. ग्रॅमी पुरस्कारांत 'वर्षाचा प्रोड्युसर' हा सन्मान १९७५ पासून दिला जातो. २०२५ पर्यंत तो एकाही बाईला मिळालेला नव्हता.

मग बायकांना हे जमत नाही म्हणायचं का? अजिबात नाही. इंग्लंडची डेलिया डर्बीशायर घ्या. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेली. १९५९ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीकडं नोकरी मागायला गेली, तर उत्तर मिळालं, रेकॉर्डिंग स्टुडिओत आम्ही बायका घेत नाही. पुढं ती बीबीसीत लागली. १९६३ साली 'डॉक्टर हू' या मालिकेची शीर्षकधून तिनं प्रत्यक्ष घडवली. चाल रॉन ग्रेनरची होती, पण तेव्हा ना कॉम्प्युटर, ना ही घरं. एकेक सूर टेपवर घ्यायचा, टेप ब्लेडनं कापायची आणि तुकडे जोडत जायचं. अगदी गोधडी शिवावी तसं! खुद्द ग्रेनरच्या मनात होतं, की तिचं नाव बरोबरीनं लागावं. ते लागलं नाही. मालिकेच्या पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ मध्ये, आणि ती तर २००१ मध्येच गेली होती.

आपल्याकडंही अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला, तेव्हा तिथं काम करणाऱ्यांत पखवाज शिकलेल्या गीता साराभाई होत्या. अलीकडच्या काळात इंदूरच्या मराठी घरातली स्नेहा खानवलकर गावोगाव फिरून आवाज टिपते आणि त्यातून गाणी करते. 'गँग्ज ऑफ वासेपूर'चं २०१२ मधलं संगीत तिचं. म्हणजे डोकं आहे, कान आहे, चिकाटीही आहे. अडतं कुठं?

मला उत्तर सापडलं ते एका घरात. लॉस एंजेलिसमधलं छोटं, दोन बेडरूमचं घर. बिली आयलिश ही मुलगी आणि फिनियस हा तिचा मोठा भाऊ. आई-वडिलांनी दोन्ही खोल्या मुलांना दिल्या आणि स्वतः बैठकीच्या खोलीत झोपले. मुलांचं शिक्षण घरीच, गाणी कशी लिहायची हे आईनंच शिकवलेलं. भावाच्या खोलीत, त्याच्या कॉम्प्युटरवर दोघांनी केलेल्या अल्बमला २०२० मध्ये ग्रॅमीचे मोठमोठे सन्मान मिळाले. किती गुणी घर! त्या आई-बापाला हात जोडावेसे वाटतात. तरी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटेना. बहीण माईकपुढं आणि भाऊ मशीनपुढं. त्या वर्षीचा प्रोड्युसरचा सन्मानही भावाला. गाणी दोघं मिळून लिहितात, दोघांचं प्रेमही जगजाहीर आहे. पण इतक्या मोकळ्या घरातसुद्धा खुर्च्यांची वाटणी आपल्या ओळखीचीच झाली.

आइसलँडची ब्यॉर्क ही गायिका तर स्वतः तासन् तास ठोके रचते. तिनं २०१५ मध्ये उघडपणे सांगितलं, की तिच्या कामाचं श्रेय लोक बरोबरच्या पुरुषांना देऊन मोकळे होतात. बाईनं गायलं ते दिसतं, बाईनं रचलं ते दिसत नाही. आपल्या घरचा हिशेब तरी याहून काय वेगळा?

कुणी म्हणेल, गळा आहे ना देवानं दिलेला, मग गाऊ दे तिला, मशीन भाऊ बघेल. आजवर हे चाललं. इथून पुढं चालणार नाही, आणि म्हणून तर हा विषय मी आज घेतला. कृत्रिम बुद्धिमत्ता आता गळासुद्धा करून देते. सुनो, उडिओ अशा ॲपवर चार ओळी लिहिल्या की गायलेलं गाणं तयार. आमची गाणी न विचारता वापरून ही यंत्रं शिकवली, असं म्हणत बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी जून २०२४ मध्ये अमेरिकेत त्यांच्यावर खटले भरले. २०२५ मध्ये त्यातल्या काहींनी तडजोडही केली. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्याही बाजूनं तसाच आदेश झाला. विचार करा, ज्या आवाजासाठी एका बाईनं उभा जन्म घालवला, तो आवाज कुणी अनोळखी माणूस माऊसच्या एका क्लिकवर वापरू शकतो, आणि तो थांबवायला तिला कोर्टाची पायरी चढावी लागते!

आशाताईंना कोर्ट परवडलं. आपल्या गावातल्या गाणाऱ्या मुलीला परवडेल का? तिचा गळा उद्या कुणीतरी कच्चा माल म्हणून उचलेल. तेव्हा तो आवाज कुठं गेला, त्याचं काय केलं, हे तिला निदान समजायला हवं. आवाज कसा टिपतात, कापतात, जोडतात हे जिनं स्वतः केलंय, तिला फसवणं कठीण. म्हणून गळ्याबरोबर मशीनही तिला यायला हवं. ती मोठी कलाकार होते की नाही, ही पुढची गोष्ट.

आता माझ्या घरचं सांगते, लपवत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही पै-पै जमवून एक लॅपटॉप घेतला. ठेवला कुठं? मुलाच्या खोलीत. लेकीनं शाळा केली माझ्या फोनवर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून, मध्ये मध्ये आलेले फोन घेत. ती म्हणाली होती, "आई, मला पण थोडा वेळ दे ना." मी म्हटलं, "दादाची परीक्षा होऊ दे." मुलींना शिकवा म्हणून सभांमधून बोलणारी मीच ही! मुद्दाम काही केलं नव्हतं. कुणीच मुद्दाम करत नाही, आपोआप होतं. खुर्च्यांची वाटणी होते ती अशीच.

त्या दिवशी मैत्रिणीच्या घरीही खरी अडचण शेवटी निघाली. मोठा भाऊ पुढच्या महिन्यात नोकरीसाठी पुण्याला निघाला होता आणि कॉम्प्युटर त्याच्याबरोबर जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पोरगी एवढंच म्हणाली, "काकू, म्हणून मी घाई करतेय. तो गेला की संपलं."

मैत्रिणींनो, यासाठी फार पैसा लागतो असंही नाही. एलएमएमएस आणि ऑडॅसिटी ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतात. बँडलॅब तर मोबाइलवरही चालतं. महागडं सॉफ्टवेअर कुणी 'क्रॅक करून देतो' म्हटलं तर नको म्हणा. ती चोरी आहे, आणि त्याबरोबर व्हायरस घरात येतो तो वेगळाच. हेडफोनचा आवाज बेताचा ठेवा, अभ्यासाची वेळ अभ्यासाला द्या, हे तर आलंच. बचत गटांना, महिला मंडळांना माझं एक सुचवणं आहे. शाळेची कॉम्प्युटरची खोली सुट्टीत कुलपात असते, ती आठवड्यातून दोन दुपारी मुलींसाठी मागून बघा. आम्ही अर्ज दिलाय. उत्तर अजून यायचंय, पण मागे लागणार आहोत.

आणि त्या कॉम्प्युटरचं काय झालं? मी मैत्रिणीला काही समजावलं नाही. फक्त लेकीचा हेडफोन तिच्या कानाला लावला. थोडा वेळ ती नुसतीच ऐकत राहिली. मग एकदम म्हणाली, "अगं, हा माझा खलबत्ता!" मुलगा पुण्याला गेला तो कॉम्प्युटर न घेता, पहिल्या पगारातून स्वतःचा घेईन म्हणाला. बारावीची परीक्षा होईपर्यंत रोज संध्याकाळी एकच तास, असं आईनं आणि लेकीनं मिळून ठरवलंय.

तुमच्या घरचा कॉम्प्युटर कुणाच्या खोलीत आहे? आज संध्याकाळी जरा बघा. आणि घरातल्या मुलीला विचारा, तुझी पाळी कधी असते गं?